बँडवाल्याने वर बघायचं नसतं

माझ्या तोंडात आता एकही दात नाही. दात गेले, त्यांच्यामागून ट्रंपेट गेला. कवळी लावून वाजवता येतो असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यातल्या एकानेही ट्रंपेट कधी ओठाला लावलेला नव्हता. ओठांना मागून दातांचा आधार लागतो, तो नसला की नुसती हवा निघते. आधी सर्कशीच्या बँडमध्ये वाजवला, नंतर लग्नाच्या वरातींत वाजवला, आणि एक दिवस पुसून पेटीत ठेवून दिला. रडलो वगैरे नाही.

युकुलेले घरात आलं ते खालच्या मजल्यावरच्या बाईंमुळे. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. लहान पोराच्या गिटारीसारखं ते वाद्य, चार तारांचं. त्यांनी स्वतःला नवीन घेतलं आणि जुनं मला आणून दिलं.

"काका, दिवसभर गॅलरीत बसून लोकांना गाड्या कशा लावायच्या ते सांगत असता. त्यापेक्षा हे वाजवा. सोसायटी दुवा देईल."

"खेळणं आहे हे."

"मग खेळा."

मी ठेवून घेतलं. बाईंनी मला त्यांच्या फोनवरच्या ग्रुपातही घातलं. सगळे हौशी. खराडीच्या कंपन्यांतली पोरं, येरवड्याचे बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, कुठल्या कुठल्या गावच्या बायका. दर सोमवारी एक विषय येतो, त्या विषयावरचं गाणं ज्याने त्याने युकुलेलेवर वाजवून टाकायचं, आणि बाकीच्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवायची. कितीही बेसूर असलं तरी टाळ्या. मला त्याचा राग यायचा. एकदा बोललोच. लिहून नाही, आवाज पाठवून. चौथीतून पळालेला माणूस मी, फोनवर टाइप करणं माझ्याच्याने होत नाही. म्हणालो, सुरात लावून घ्या आधी, मग टाळ्या खा. दोन दिवस ग्रुप गप्प. मग बँकेच्या साहेबांनी लिहिलं, काकांचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. पुण्यात याचा अर्थ काय होतो ते मला कळतं.

आणि एका सोमवारी विषय आला, सर्कस आणि जत्रा.

विदूषकाची गाणी आली, आकाशपाळण्याची आली, कापसाच्या गुलाबी मिठाईचं एक आलं. खराडीच्या एका पोराने कागदी टोपी घालून, नाकाला लाल गोळा लावून काहीतरी वाजवलं आणि वर सांगितलं, सर्कशीत म्युझिक अस्संच वाजायचं! मी फोन पालथा घातला.

सर्कशीत काय वाजायचं ते सांगतो.

वाघ वेगळ्या चालीवर यायचा, सायकलवाल्या मुली वेगळ्या. त्यातली एकही चाल आज मला अख्खी आठवत नाही. आठवते ती एकच, आणि तिला आम्ही नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. खेळात कोणी पडलं, काही वाईट झालं, की बँडमास्तरांचा हात फिरायचा आणि चालू असेल ते तोडून आम्ही ती सुरू करायचो. इतकी जोरात, इतकी आनंदाची, की पोरं टाळ्या वाजवायला लागायची. विदूषक कोलांट्या मारत आत यायचे. लोक त्यांच्याकडे बघायचे, तेवढ्यात पडलेल्याला मागच्या पडद्यातून बाहेर न्यायचे. बाकीच्यांनी असेल तिथे, हात वर करून, हसत उभं राहायचं, शिट्टी होईपर्यंत. शिट्टी झाली की चाल तिथेच तुटायची. तिला स्वतःचा शेवट नव्हता. मागे तंबूंमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बायका ती ऐकून स्टोव्ह बंद करायच्या आणि बाहेर येऊन एवढंच विचारायच्या, "कोण पडलं?"

तिची तालीम करायची नसे. गरज नसताना तिचा एक सूर कोणी काढत नसे. मास्तरांनी मला ती शिकवली तीसुद्धा ट्रंपेट तोंडाला न लावता. मी नुसती बटणं दाबायची, ते कानात गुणगुणायचे. म्हणून बहुतेक ती माझ्या बोटांत राहिली. उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर पडायला लागली की अजून डोक्यात सुरू होते.

माझी बायको आणि तिची धाकटी बहीण उडत्या झुल्यांवर काम करायच्या. बहीण समोरच्या झुल्यावरच्या गड्याच्या हातातून सुटून परत फिरायची, त्या वेळी बायकोने वरच्या फळीवरून रिकामा झुला तिच्याकडे सोडायचा. पापणी लवेल एवढा वेळ असतो त्याला. एका दुपारच्या खेळात, याच शहरात, नदीकाठच्या मैदानावर, बहिणीच्या हाताला तो झुला लागला नाही. ती जाळीच्या कडेवर आपटली आणि बाहेर फेकली गेली.

मी ते पाहिलं नाही. बँडवाल्याने वर बघायचं नसतं, मास्तरांचा हात बघायचा असतो. हात फिरला, आम्ही ती चाल धरली. कोण पडलंय ते वाजवताना मला माहीत नव्हतं. शिट्टी झाली, ट्रंपेट खाली घेतला, तेव्हा वर पाहिलं. बायको फळीवर उभी. हात वर, चेहऱ्यावर हसू. शिट्टी तिला ऐकूच गेली नव्हती. मी खालून ओरडलो, "उतर आता!" तेव्हा ती उतरली.

बहीण हॉस्पिटलमध्ये वारली. सर्कस पुढच्या गावाला निघाली, आम्ही मागे राहिलो ते राहिलोच. बिबवेवाडीत खोली घेतली, मी वराती धरल्या, तिने लोकांच्या घरी पोळ्या केल्या. झुला वेळेवर सुटला होता की नव्हता, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनेही कधी विषय काढला नाही. मुलगी लहान असताना बागेत न्यायची, पण झोपाळ्याला धक्का द्यायची वेळ आली की म्हणायची, "अहो, तुम्ही द्या." मी द्यायचो. मुलगी आता तिच्या संसाराला लागली, तिलाही यातलं काही ठाऊक नाही.

एवढं सगळं माहीत असून मी ती वाजवली. त्या कागदी टोपीने माझं डोकं फिरवलं होतं, दुसरं काही नाही. ग्रुपात सर्कस पाहिलेले असतील, सर्कशीत राहिलेला मी एकटा होतो, आणि मला ते त्यांना ऐकवायचं होतं. फक्त बायकोच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं. म्हणून गच्चीवर गेलो, पाण्याच्या टाकीआड बसलो, तारांवर एकेक सूर शोधून ती जुळवली आणि फोनमध्ये भरली. शेवट नव्हताच, मधेच थांबलो आणि बटण दाबलं.

ग्रुप खुळावला. लाल बदाम, टाळ्या, नाचणारी चित्रं. काका, कुठलं गाणं? काका, रेकॉर्डिंग तुटलं का? मी सांगितलं, सर्कशीतली चाल आहे. त्यापुढे काही सांगितलं नाही.

पुढचा सोमवार यायच्या आत सगळे तीच वाजवायला लागले. मग बाई जिन्यात भेटल्या.

"काका, तुमची चाल सगळ्यांनी मिळून वाजवलीय! त्या खराडीच्या मुलाने जोडून एक केलंय. काय मस्त झालंय म्हणून सांगू!"

"घरात बोलू नका," मी म्हणालो.

"अस्सं! काकूंना सरप्राइज द्यायचंय वाटतं?"

तिथे बोलायला हवं होतं. पण बाईंना काय सांगायचं, आणि जिन्यात उभं राहून?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मोठा टॅब घेऊन वर आल्या. बायको डायनिंग टेबलाशी मेथी निवडत होती.

"काकू, हात थांबवा जरा. नवऱ्याचा पराक्रम बघा."

"त्यांचे पराक्रम रोजच बघते मी," बायको म्हणाली. "आज काय, वॉचमनशी भांडले?"

मी गॅलरीतून उठेपर्यंत बाईंनी बटण दाबलं होतं.

काचेवर चौकोनच चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात लाल नाकाचा एकेक माणूस. सगळे हसत होते, सगळे तेच वाजवत होते. इतक्या जणांनी मिळून वाजवल्यावर ती मोठी झाली होती. तंबूतल्यासारखी.

बायकोचा हात मेथीत थांबला.

"कोण पडलं?" तिने विचारलं.

बाई हसल्या. "कोणी नाही हो पडलं काकू. गाणं आहे!"

बायको उठली. एरवी टेबलाची कड धरल्याशिवाय उठत नाही, गुडघे गेलेत तिचे. तशीच सरळ उभी राहिली. उजवा हात वर गेला, तळवा उघडा, बोटं जुळलेली. आणि तोंडावर ते हसू आलं. संसारात ती माझ्यासमोर हसली आहे, मुलीला बघून हसली आहे, पण हे हसू त्या दुपारनंतर मी पाहिलं नव्हतं.

"वा काकू!" म्हणत बाई टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांना वाटलं, काकू नाचतायत.

त्या पोराने चालीला एक शेवट लावला होता. टणाटण टण. सगळ्या लाल नाकांनी वाकून नमस्कार केला, काच काळी झाली. बायकोचा हात वरच. बाईंच्या टाळ्या हळू झाल्या, थांबल्या. त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"उतर आता," मी म्हणालो.

हात खाली आला. ती बसली, मेथीची जुडी पुढे ओढली. बाई काहीतरी पुटपुटल्या आणि टॅब छातीशी धरून खाली गेल्या. मी समोरच्या खुर्चीत बसलो. ती काड्या मोडायला लागली.

"अहो."

"काय?"

"शेवट चुकीचा लावलाय त्यांनी."

"सांगतो त्यांना."

"तिला शेवट नसतो."

"हो."

तिने एक काडी मोडली, पानं ताटात टाकली, मुळाकडचं बाजूला ठेवलं. मग मान वर न करता म्हणाली, "झुला मी वेळेवर सोडला होता." आणि थोड्या वेळाने, "होता ना?"

"वेळेवरच सोडला होतास," मी म्हणालो. "मी बघत होतो."