घड्याळकाकांचा जबाब

साहित्याची पदवी मिळाली त्या दिवशी आईने जिन्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला बातमी सांगितली. तिसऱ्या मजल्यावरच्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांना दोनदा. आत्याने मात्र एवढंच विचारलं की पुस्तकं वाचायचा पगार कोण देतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होती सरांनी शेवटच्या निबंधाखाली लाल शाईने लिहिलेली एक ओळ: ‘तुला माणसाच्या मनात शिरता येतं.’ ती मी इतक्यांदा वाचली होती की पदवीपेक्षा मला तिचाच भरवसा वाटायचा.

सात महिने अर्ज करण्यात गेले. शेवटी पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात कारकून म्हणून लागले, तेही आत्याच्याच यजमानांच्या ओळखीने. त्यामुळे तिला उलट बोलायची सोयही राहिली नाही.

ऑफिस पत्रा ठोकून झाकणं कापणाऱ्या प्रेसखात्याच्या डोक्यावर होतं. खाली प्रेसचा ठोका पडला की टेबल थरथरायचं, पेल्यातलं पाणी हलायचं. आठवड्याभरात तो आवाज ऐकू येईनासा झाला. पण भलत्या वेळी ठोके थांबले की सगळे एकदम मान वर करायचे. कोणाला तरी लागलेलं असायचं.

अशा वेळी जखमीचा जबाब लिहिणं हे माझ्या कामांपैकी एक. हेडक्लार्क निवृत्तीला आलेले, जिभेने तिखट. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं: कोणतं मशीन, किती वाजता, कोणता हात, जाळी होती की नव्हती. चार ओळी लिहायच्या, वाचून दाखवायच्या, सही घ्यायची आणि उठायचं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, काय कोरडा माणूस आहे. तेव्हा मला स्वतःबद्दल फार वाटायचं.

नऊ नंबरच्या प्रेसवर जे होते त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. बावीस वर्षांत एकदाही उशीर नाही. फाटकावरचा वॉचमन त्यांना बघून आपलं घड्याळ लावायचा. बायको लवकर गेली, पदरात एक मुलगी. तिच्या वेण्या घालायला ते शेजारणीकडून शिकले आणि इतके तयार झाले की गल्लीतल्या आणखी दोन मुली शाळेआधी केस सोडून त्यांच्या दाराशी उभ्या राहायच्या. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पगारवाढ झाल्यासारखा आनंद असायचा.

माझ्या नोकरीला चार महिने झाले होते. एका मंगळवारी सकाळी ठोके थांबले. हात साच्यापर्यंत जाऊ नये म्हणून प्रेसला लोखंडी जाळी असते. नऊ नंबरची जाळी चार दिवसांपूर्वी दुरुस्तीला काढून नेली होती आणि सुपरवायझरने तोवर तसंच चालवा म्हणून सांगितलं होतं. घड्याळकाकांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. त्यांनी चार ओळींची उत्तरं नीट दिली. जाळी नव्हती, सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं, हेही सांगितलं. जबाब तिथेच संपला होता. मग आयाने चहा आणून दिला आणि ते बोलत बसले. मुलगी अपघाताच्या आदल्याच दिवशी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली होती. मंगळवारी सकाळी उठून त्यांनी सवयीने दोन कप मांडले, मग एक परत ठेवला. कामावर आल्यावरही तो कप डोळ्यांसमोर होता, म्हणाले.

माझ्या अंगात लेखिका संचारली. चार ओळींवर मी पानभर लिहिलं. ‘त्या सकाळी माझं शरीर मशीनपाशी होतं आणि मन मुलीच्या मागे गेलं होतं,’ हे त्यातलं वाक्य. वाचून दाखवलं तेव्हा काकांच्या डोळ्यांना धार लागली. “पोरी, माझ्या मनातलं लिहिलंस गं,” ते म्हणाले आणि डाव्या हाताने कशीबशी सही केली. सरांची लाल ओळ खरी ठरली असं मला वाटलं.

पान वाचून साहेब म्हणाले, छान लिहिलंय, फारच छान. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. हेडक्लार्कनी पान वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता खाली ठेवलं. त्या वेळी ते बोलले असते तर किती बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. पण सही झाली होती. बोलून तरी काय होणार होतं?

तीन आठवड्यांनी चौकशीचा आदेश टाइप करायला माझ्याकडेच आला. ‘अपघातसमयी कामगाराचे मन कामावर नव्हते, हे त्याच्याच जबाबावरून सिद्ध होते. जाळीचा मुद्दा गौण आहे. सबब त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे.’ मधोमध अवतरणचिन्हांत माझं वाक्य होतं, एक शब्दही न बदलता.

मी हेडक्लार्ककडे गेले. ते म्हणाले, सही झालेला जबाब बदलत नाही. तू फार तर तुझ्या नावाने टिपण देऊ शकतेस, पण तुझे उमेदवारीचे सहा महिने अजून भरायचेत. माझाही हात दगडाखाली होता. आईने तर माझ्या कायम होण्याची बातमी अर्ध्या जिन्याला आधीच सांगून ठेवली होती. तरी मी टिपण लिहिलं: ते वाक्य कोणत्याही प्रश्नाचं उत्तर नाही, जबाब संपल्यावर झालेल्या गप्पांवरून मी आपल्या मनाने घातलं आहे.

साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. “म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?”

“नाही साहेब. खरंच लिहिलं. पण कोणी विचारलं नव्हतं ते लिहिलं.”

खरं आहे ना, मग झालं तर, म्हणून त्यांनी टिपण फाइलला लावलं. आदेश होता तसाच राहिला. दोन महिन्यांनी मला कायम केलं, पत्रात ‘लेखन उत्तम’ असा शेरा होता. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. मी अजून तिथेच जबाब लिहिते. नवीन मुलांना चार ओळी शिकवते, आणि ती मनात मला काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे.

पण तो आदेश पोहोचवला त्या रविवारचं सांगायचं राहिलं. तो टपालाने जायचा होता, मी मागून घेतला आणि स्वतः गेले. खोली झाडलेली, ओट्यावर एकच कप पालथा. मी आदेश वाचून दाखवला आणि त्यातलं ते वाक्य माझं होतं, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली, असं सरळ सांगितलं. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचा हक्क आपल्याला नाही एवढं कळत होतं.

काकांनी बँडेजचं सुटलेलं टोक खोचलं. “तू वाचून दाखवलंस तेव्हा मलाही बरं वाटलं होतं,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. पण हे लिहू का, म्हणून विचारायचं होतंस गं.”

 

मग त्यांनी आदेशाची घडी करून माझ्याच हातात दिली. हा कागद घरात नको, म्हणाले. उद्या पोरगी सुट्टीवर आली आणि तिच्या हाती लागला तर तिला वाटेल, बाबांचा हात माझ्यापायी गेला. तो कागद माझ्याकडे आहे, पदवीच्या प्रमाणपत्राच्याच फाइलमध्ये.

तिला अपघाताचं अजून कळवलंच नव्हतं; पत्र लिहायचं होतं आणि हात चालत नव्हता. तूच लिही, ते म्हणाले. मी कागद घेतला. त्यांनी सांगितलं तेवढंच लिहिलं: मी बरा आहे. मशीनवर बोटांना लागलं, जाळी नव्हती. काम सोडलं आहे. तू जेवणाची हेळसांड करू नकोस.

चार ओळी झाल्या. मी वाचून दाखवल्या. काकांनी डाव्या हातात पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि थांबले.

“मध्ये काही घातलं नाहीस ना?”

“नाही काका,” मी म्हटलं.

तरी त्यांनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला, एकेका शब्दाखाली अंगठा सरकवत चारही ओळी स्वतः वाचल्या, आणि मग सही केली.