दाराकडं तोंड केलेल्या चपला

मागच्या रविवारी थोरली बहीण आणि दाजी कागलहून जेवायला आले. आम्ही परदेशातून कायमचे परतल्यावर दोघं पहिल्यांदाच घरी येत होते. ते आत जाऊन टेकेपर्यंत मी दारात वाकलो, त्यांच्या चपला उचलल्या आणि तोंडं रस्त्याकडं करून ओळीनं लावून ठेवल्या. जपानात नऊ वर्षं एका कारखान्यात काढली. तिथं पाहुणा आत गेला की यजमान असंच करतो. जाताना त्याला वळावं लागू नये, पाय घातला की चालू पडावं. माझे हात आपोआप गेले.

बहीण हात धुवायला बाहेरच्या नळाशी आली आणि चपलांपाशी थबकली.

"आवो, ऐकलं का," तिनं दाजींना हाक मारली. "बंधूराज म्हंत्यात, आला तसं सुटा. चपला सुदीक वळवून ठेवल्यात बघा."

मी समजवायला गेलो. जितकं समजावलं तितकं चिघळत गेलं.

"तिथं मान असतो तो, आक्का."

"मानच की," दाजी म्हणाले. "आमच्यात पावण्याच्या चपला लपवून ठेवत्यात. जाऊ नये म्हणून."

दाजी हसले आणि ताटावर बसले. बहीण मात्र भाकरी नुसती मोडत राहिली. नऊ वर्षं तिनं मला राखी पाकिटातनं धाडली होती, तिला ही गोष्ट हसण्यावारी नेता येईना.

"खरं सांग. परत जायाचं चाललंय न्हवं तुझं?"

"नाही गं."

"मग ध्यान कुठं असतंय? फोनवर निम्मं ऐकतोस, निम्म्याला व्हय व्हय करतोस."

हे खरं होतं. पण काय आठवतं ते सांगायची लाज वाटते. एवढ्या लांब राहून आलेल्या माणसाला देवळं, बर्फ, डोंगर आठवावेत. मला आठवते ती संध्याकाळी पाचला नगरपालिकेच्या कर्ण्यातून वाजणारी चाल. पोरांनी आता खेळ आवरून घरी जावं, म्हणून ती वाजवायचे. पन्नाशीकडं झुकलेला मीसुद्धा ती कानावर पडली की हत्यारं आवरायला लागायचो. आणि आठवतो चहाच्या सुट्टीत शेजारी बसणारा कारागीर. दहा मिनिटांत एक शब्द नाही; संत्रं सोलायचा आणि निम्म्या फोडी माझ्यापुढं सरकवायचा. तिथं असताना याच गप्प बसण्याला कंटाळून मी खोलीवर येऊन बायकोपाशी कुरकुर करायचो, की आमच्या कोल्हापुरात पानपट्टीवर उभं राहिलं तरी अनोळखी माणूस चार शिव्या घालून आपलंसं करतो. आता इथं आहे, तर पाच वाजले की कान टवकारतात आणि ऐकू येतात कोपऱ्यावरच्या रिक्षा.

मी फक्त त्या चालीचं सांगितलं.

"एवढंच व्हय?" दाजी म्हणाले. "मग कागलला या की पावणं. आमच्या साखर कारखान्याचा भोंगा हाय. दिवसातनं तीनदा, फुकट."

बहिणीला तरी हसू फुटलं नाही. निघताना तिनं चपला पायात सरकवल्या, एका झटक्यात, न वळता, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "राखीला तू यायचं. पाकीट आता मी धाडनार न्हाई. आणि आलास की पुरता ये, निम्मा नको."

बायको हा सगळा वेळ गुमान वाढत होती. परत यायचा हट्ट तिचाच होता. त्यामुळं ती बहिणीच्या बाजूची, असं मी धरून चाललो होतो. पाहुणे गेल्यावर ती भांडी घासायला बसली, मी विसळायला. म्हटलं, "आक्काचं बरोबर आहे. तिथलं सगळं विसरायला पाहिजे आता."

तिनं नळ बंद केला.

"विसरून कसं चालेल?" ती म्हणाली. "उद्या सोमवार. तिथं कचऱ्यातल्या बाटल्या वेगळ्या नेऊन ठेवायचा वार. शेजारच्या म्हातारीच्या बाटल्या मीच खाली न्यायचे, आता कोण नेऊन ठेवत असेल, सकाळपासून माझ्या डोक्यात तेवढंच चाललंय."