गाडीखालच्या काकू

"वरनं काय बघताय? खालनं बघा, खालनं!"

मंडईत काकू टोपलीतलं वरचं वांगं कधी उचलत नसत. हात थेट तळाशी जायचा. माठ घ्यायला गेल्या की तो आधी उपडा व्हायचा. आमच्या घरी नवा फ्रिज आला तेव्हा सगळी आळी दार उघडून आतला दिवा कसा लागतो ते बघत होती. काकू मात्र पदर खोचून, फरशीला गाल टेकवून फ्रिजच्या खाली बघत होत्या. "हितं पाणी साचतंय बरं का," असं सांगून त्या उठल्या. माझी बायको नंतर कितीतरी वेळ हसत होती. दुसऱ्या दिवशी तिनं गुपचूप फ्रिजखाली फडकं फिरवलं, हेही सांगायला पाहिजे.

अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील. त्यांच्या सवयींना आपण हसतो आणि मग नकळत त्यांच्यासारखंच वागायला लागतो. पण काकूंची ही सवय काही जन्माची नव्हती. ती एका गाडीपायी लागली, आणि ती लागताना मी शेजारी होतो.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. साताऱ्यात आमच्या वसाहतीतली निम्मी घरं पेन्शनवर आलेल्या फौजींची. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रंगखात्यात होतो. लोखंडी भाग घासणं, धुणं, वाळवणं, अस्तर देणं आणि मग रंग चढवणं, या सगळ्यावर देखरेख ठेवायची हे माझं काम. काकू मला 'पेंटरबाबा' म्हणायच्या. मी पेंटर नाही, सुपरवायझर आहे, असं मी त्यांना समजावून पाहिलं होतं. "व्हय, त्येच की," असं म्हणून त्या पुन्हा पेंटरबाबावर यायच्या.

काकू जतकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन फौजीच्या घरात आल्या. त्यांच्या यजमानांना अख्खी वसाहत सुभेदार म्हणायची, आणि काकू म्हणायच्या मालक. एक मुलगी, ती लग्न होऊन सांगलीला विश्रामबागेत. सुभेदारांचा दुसरा जीव म्हणजे त्यांची जुनी विलायती गाडी. छोटी, राखाडी, फुगीर मडगार्डांची. फौजेतल्या कुणा साहेबाची बदली झाली तेव्हा त्यांनी ती घेतली होती. रोज सकाळी ते तिला पुसायचे, बॉनेट उघडून आत डोकं घालायचे आणि रविवारी काकूंना मागच्या सीटवर बसवून एक फेरी मारून आणायचे. पुढच्या सीटवर हत्यारांची पेटी असायची, तिथं बसायला काकूंना परवानगी नव्हती.

मग एका मार्च महिन्यात सकाळी दाढी करता करता सुभेदार खाली कोसळले. अर्धांगवायू. दवाखान्यातून परत आले ते उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं तिथंच सोडून. घशातून नुसता "आं… आं" असा आवाज यायचा. व्हरांड्यात त्यांची खाट टाकली. तिथून अंगणातली गाडी समोर दिसायची.

पावसाळा जवळ आला तशी काकूंना गाडीची काळजी लागली. त्यांनी जाड प्लास्टिक आणून गाडी डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळली आणि कडांवर विटा ठेवल्या. "वाऱ्यालाबी वाट ठिवली न्हाई बगा," असं त्यांनी मला अभिमानानं दाखवलं होतं. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. एकदा धरला की उघडायचं नाव नाही. चार महिने गाडी तशीच गवतात उभी राहिली.

दिवाळीनंतर पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. मुलीनंच त्यांना पाठवलं होतं. बाबा आता कुठं चालवणार, असा तिचा सरळ विचार. प्लास्टिक काढलं तर गाडी वरून लखलखीत. काकूंचा चेहरा उजळला. गृहस्थ मात्र खाली बसले, मग आडवे झाले आणि गाडीखाली डोकं घालून स्क्रू-ड्रायव्हरनं टोचत राहिले. एका ठिकाणी तो मुठीपर्यंत आत गेला. तांबड्या पापुद्र्यांचा ढीग खाली पडला.

"मावशी, वरून काय बघायचं? खालून बघायचं असतं. ही गेली. भंगारात घाला."

व्हरांड्यातल्या खाटेवर सुभेदारांनी सगळं ऐकलं. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. काकूंनी पाहुण्यांना चहा दिला, फाटकापर्यंत पोचवलं आणि तशाच माझ्याकडं आल्या. मूठ माझ्यासमोर उघडली. त्यात गंजाचे पापुद्रे.

"पेंटरबाबा, ह्याला औषध हाय का न्हाई? तेवढं सांगा."

मी म्हणालो, "जेवढा पत्रा खाल्ला गेला तेवढा गेला, काकू. तिथं ठिगळ मारावं लागेल. पण उरलाय तो वाचवता येतो. गंज ओलीवर जगतो. ओल मोडली की तो थांबतो."

"आन ही वल आली कुठनं? झाकली हुती की चांगली."

मी जरा घुटमळलो. मग सांगितलं की जमिनीतली ओल वर चढते, प्लास्टिकखाली अडकते, आणि तिला बाहेर पडायला वाट उरत नाही.

काकू पायरीवर बसल्या. "आमच्या गावाला पाऊसच न्हाई. आज्ज्याची कुऱ्हाड परड्यात उघडी पडलेली असायची, अजून चकाकतीया. गंज म्हंजे काय त्येच मला ठावं न्हवतं." मग मुठीतल्या पापुद्र्यांकडं बघत म्हणाल्या, "म्हंजे मीच मारली की तिला."

"मेली नाही अजून," मी म्हणालो. "आधी वाळवायला घ्या."

मला वाटलं होतं, आठवडाभरात कंटाळतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघालो तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत जोडवी. काकू गोणपाटावर उताण्या पडून तारेच्या ब्रशनं गाडीचं पोट घासत होत्या. "आवं, डोळ्यात जाईल!" मी ओरडलो. त्यांनी मान बाहेर काढली तर नातीचा पोहण्याचा निळा चष्मा डोळ्यांवर. दिवाळीला आली तेव्हा ती इथंच विसरून गेलेला.

मी रविवारी मदतीला जायचो. चाकांच्या वर, मडगार्डच्या आत चिखल साचून घट्ट झालेला असायचा. तो पहिल्यांदा काढायचा. दारांच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती पालापाचोळ्यानं बुजली होती. पत्रा पांढरा होईपर्यंत घासायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग तांबडं अस्तर, त्यावर रंग, आणि पोटाला काळा जाड थर. सांगायला सोपं. करायला काकूंचे दंडच हवेत.

पण कुठं पत्रा आतून पोकळ झालाय हे वरून कळायचं नाही. त्यावर काकूंनी उपाय काढला. सुभेदारांची खाट अंगणाच्या कडेला आणली आणि जेवायच्या चमच्यानं पत्र्यावर ठोकत गेल्या. टण. "मालक, हितं?" सुभेदार डावा हात आडवा हलवायचे, म्हणजे ठीक. टप. लगेच हात उंच. तिथं घासलं की खरोखर खाली गंज सापडायचा. त्यांची जीभ गेली होती, पण या गाडीचा आवाज त्यांच्या कानांत पक्का बसलेला होता. माणूस इतके महिने छताकडं बघत पडलेला होता, तो आता सकाळी उठल्या उठल्या चमच्याची वाट बघायला लागला.

एका रविवारी काकूंनी डावं दार धुतलं, पुसलं आणि दुपारी अस्तराचा ब्रश हातात घेतला. मी पलीकडच्या चाकापाशी होतो. इतक्यात आवाज आला.

"वल्लं!"

मला वाटलं काकू बोलल्या. काकूंना वाटलं मी बोललो. आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत राहिलो. मग पुन्हा, आणि या वेळी चांगल्याच चिडक्या सुरात:

"वल्लं… हाय!"

खाटेवरून सुभेदार डाव्या हातानं दाराच्या तळाकडं दाखवत होते. काकूंनी पदराचं टोक दाराच्या सांध्यात घातलं आणि ओढून काढलं. टोक भिजलेलं.

"व्हय की वो," काकू हळूच म्हणाल्या. "वल्लंच हाय." आणि ब्रश तसाच हातात धरून मातीत बसल्या. तांबडं अस्तर लुगड्यावर ठिबकत होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं. सुभेदार मात्र वैतागलेले. इतका सरळ मुद्दा, आणि ही दोघं नुसती बघत काय बसलीत!

त्या दिवसापासून काकूंनी त्यांची पाठच धरली. "मालक, ही भित्त?" "वा… वाळली." "ह्यो टावेल?" "वल्ला." "आन ह्यो पेंटरबाबा?" सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी घामानं निथळत होतो. "वल्ला!" ते म्हणाले आणि तोंड वाकडं करून हसले. महिन्याभरात 'वल्ला' आणि 'वाळला' यांच्या मागं 'चहा', 'पंखा', 'पुरे' असे शब्द एकेक करून येत गेले. सुभेदारांचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या डॉक्टरबाई काकूंना विचारायच्या की तुम्ही नक्की करता काय? काकू म्हणायच्या, "काय न्हाई, गाडी घासतोय."

पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडून ठिगळं मारून घेतली. पण उभी गाडी पुन्हा ओल धरणार, ती फिरती राहिली पाहिजे, असं मी बोलून गेलो होतो. उन्हाळ्यात काकू मोटार ड्रायव्हिंगच्या क्लासला जायला लागल्या. पन्नाशी उलटलेली बाई नऊवारीत स्टिअरिंगवर बसलेली बघून पोवई नाक्यावर रिक्षावाले थबकायचे. परवान्याच्या परीक्षेला साहेबांनी त्यांना गाडी मागं घ्यायला सांगितली, तर काकू आधी उतरल्या आणि गाडीखाली वाकून बघून आल्या. "काय बघितलंत?" साहेबांनी विचारलं. "कुत्रं-मांजर हाय का त्ये," काकू म्हणाल्या. साहेबांनी परवाना दिला.

चुका झाल्या नाहीत असं नाही. पुढच्या पावसात काकू मला बोलवायला आल्या. वळणावर गाडीतनं खळखळ आवाज येतोय. मी दार हलवून पाहिलं तर आत पाणी डचमळत होतं. काकूंनी पोटाला काळा थर देताना दारांच्या तळाची भोकंही चांगली जाड बुजवून टाकली होती. पाणी आत यायला नको म्हणून.

"काकू, पाणी काचेच्या फटीतून येणारच. ही भोकं ते बाहेर जायला असतात!"

मी खिळ्यानं भोक मोकळं केलं. तळातून धार लागली ती थांबेचना. खाटेवरून सुभेदार म्हणाले, "हीर… खांदलीस… काय?" तीन शब्दांचं अख्खं वाक्य. विहिरीच्या त्या टोमण्यानं काकूंना इतका आनंद झाला की त्या दिवशी आम्हाला शिरा मिळाला. मग गाडीसाठी चारी बाजूंनी मोकळी अशी पत्र्याची शेड झाली, खाली वाळू आणि फरशा. प्लास्टिक काकूंनी घरात म्हणून ठेवलं नाही.

त्या हिवाळ्यात सांगलीला एका कॉलेजच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार असल्याचं मुलीनं कळवलं. काकू म्हणाल्या, "जायाचं." पहाटे निघालो. काकू चालवायला, हत्यारांची पेटी काढून पुढच्या सीटवर सुभेदार, मागं मी. कऱ्हाड गेलं, इस्लामपूरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकलो. काकू एकाच वेगानं, हॉर्न न वाजवता चालल्या होत्या. सुभेदार डाव्या हातानं खिडकीची चौकट घट्ट धरून रस्त्याकडं बघत होते. मधेच म्हणायचे, "तिसरा." काकू गिअर बदलायच्या.

मैदानावर बड्या लोकांच्या बड्या गाड्या. क्रोम आरशासारखं. आमच्या गाडीच्या राखाडीत ठिगळांचा रंग जरासा वेगळा, जवळून दिसायचाच. बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. पण एक वयस्क गृहस्थ गाडीभोवती दोनदा फिरले, खाली वाकले आणि बराच वेळ तिथंच राहिले. उठून हात झटकत त्यांनी एव्हाना काठी धरून उभं राहायला लागलेल्या सुभेदारांना विचारलं, "फारच निगुतीनं ठेवलीय हो. तुमची का?"

सुभेदारांनी मान हलवली. नाही. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. गृहस्थ थांबून राहिले.

"हिची," सुभेदार म्हणाले, आणि काठीवरचा हात उचलून काकूंकडं दाखवलं. काठी सुटली. ती पडायच्या आत काकूंनी त्यांना धरलं, आणि त्या गृहस्थांकडं न बघताच म्हणाल्या, "काय तरीच ह्यांचं!" त्यांचे कान मात्र लाल झाले होते.

पुढं दोन-तीन वर्षांनी सुभेदार आणि काकू साताऱ्याचं घर सोडून मुलीजवळ विश्रामबागेत राहायला गेले. सामान टेम्पोतून गेलं. ते दोघं गाडीतून. सुभेदार तिथं आणखी काही वर्षं चांगले जगले. काठीनं चालायचे, बोलायचे, भांडायचेसुद्धा. गेले ते झोपेत. मला निरोप उशिरा मिळाला.

दशक संपता संपता मी कामानिमित्त सांगलीला गेलो होतो. एका दवाखान्यावरून चालत जाताना त्याच्या फाटकाशी ती गाडी उभी दिसली. मागच्या सीटवर दोन म्हातारे, दोघांचाही एकेक हात मांडीवर निर्जीव पडलेला. अर्धांगवायूच्या माणसांना व्यायामाला आणायचं आणि घरी पोचवायचं, हे काम काकूंनी अंगावर घेतलं होतं, हे मला नंतर मुलीकडून कळलं. त्या वेळी काकू तिसऱ्या म्हाताऱ्याला पुढच्या सीटवर बसवत होत्या. त्यांनी त्याचा लुळा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, धोतराचा सोगा आत सारला आणि दार लावलं.

मी हाक मारणार होतो. पण काकू तोवर स्टिअरिंगवर बसल्या होत्या आणि शेजारच्या म्हाताऱ्याला रस्त्याच्या पाटीकडं बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या. त्याचे ओठ हलत होते. शब्द येत नव्हता. मागं एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. काकूंनी त्याला हातानं थांबायची खूण केली, आणि गाडी चालू ठेवून त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत बसल्या.