गाडीला झूल

कळमनुरीच्या शाळेतले देविदास राठोड गुरुजी यांनी दिवाळीला नवी गाडी घेतली, गर्द निळी, आणि त्या दिवसापासून ते माणसांच्या तोंडाकडे बघायचे सोडून हातांकडे बघू लागले. त्यांच्या बंजारा तांड्यावर कुणी बोलायला आलं, की याचा हात गाडीला लागतो की काय, एवढीच काळजी. शेळी फिरकली तर गुरुजी वर्गात ओरडत नाहीत इतक्या जोरात ओरडत.

रंग जपायचा कसा, यावर त्यांनी बी.एड.ला केला नव्हता एवढा अभ्यास केला. पॉलिश चार दिवसांचं, पारदर्शक फिल्म फार महाग. शेवटी सिरॅमिक कोटिंग ठरलं. सोमवारी हिंगोलीला जायचं.

"माझ्या हळदीलाबी कुणी येवढा विचार केला न्हाई," बायको शिला म्हणाली.

रविवारी सकाळी गुरुजींची आई मिराबाई भलंमोठं बोचकं घेऊन अंगणात आली. मागं अर्धा तांडा.

"याडी, हे काय?" गुरुजींनी आईला विचारलं.

"झूल! नवं जनावर दारात आलं अन् उघडं उभं राहिलं, असं आपल्यात कदी झालं का?"

दिवाळीपासून म्हातारी घरामागं बसून लाल-पिवळ्या कापडावर आरसे टाचत होती. गुरुजींना वाटलं होतं, नातीच्या लग्नाची तयारी. गाडीचं माप तिनं बैलासारखंच घेतलं होतं, कपाळापासून शेपटापर्यंत, हातानं. शिंगांसाठी दोन भोकंही ठेवली होती. झूल चढवली तेव्हा त्यातून गाडीची दोन शिंगं, म्हणजे बाजूचे आरसे, अशी बराबर बाहेर आली की तांड्यानं टाळ्या पिटल्या.

गुरुजींची नजर मात्र खालच्या काठावर खिळली. तिथं कवड्यांची झालर होती, मधेमधे पितळी घुंगरं. वारा सुटला आणि सगळी झालर दारावर वाजू लागली. टक, टक, टक.

"गोड वाजतं का न्हाई?" मिराबाईनं चष्मा पदरानं पुसत विचारलं.

'काढा ते' म्हणायला गुरुजींनी तोंड उघडलं. समोर सुईनं टोचलेली म्हातारीची बोटं दिसली.

"लई गोड," ते म्हणाले आणि हळूच वाकून झालर उचलली. निळ्या रंगावर केसाएवढा पांढरा ओरखडा.

"काहून वाकला रे?"

"टाके बघून राहिलो."

"टाके वर हायेत. खाली काय बघतो?"

तेवढ्यात शिला घरातून गोधडी घेऊन आली. गुरुजींचीच, मऊसूत, हिवाळ्यात कुणाला हात लावू न दिलेली.

"आत्याबाई, गाडीला गार लागंल. अगुदर ही टाकू, वर झूल."

"सून शहाणी हाय," मिराबाई खूश झाली. "पोरगं नुसतंच शिकलं."

आता गाडीच्या अंगावर गोधडी, गोधडीवर झूल, आणि झुलीला आठ गाठी. सकाळी हे सगळं सोडेपर्यंत शाळेची घंटा होते, म्हणून गुरुजी जुन्या मोटारसायकलवरच जातात. कोटिंगवाल्याचा फोन आला, त्याला गरज नाही म्हणून सांगितलं.

सणावाराला मात्र गाडी औंढ्याला निघते. मिराबाई पुढच्या सीटवर, गोधडी अन् झूल तिच्या मांडीवर. देवळाजवळ गाडी थांबली की आधी झूल चढते, मग दर्शन. यात्रेकरू भोवती जमतात, फोटो काढतात.

"गुरुजी, गाडी हाय कोणत्या रंगाची?" परवा एकानं विचारलं.

गुरुजींनी त्याच्या हातांकडे एकदा बघून घेतलं. मग झुलीचं एक टोक वर केलं, त्याखालचं गोधडीचं टोक वर केलं आणि त्याला वीतभर निळा रंग दाखवला.