वस्तीच तशी

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. आईला तर नाहीच, तिला कळलं असतं तर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं असतं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर चांगली बाई म्हणूनच ओळखत असाल.

मी सोलापुरात सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा मराठी माध्यमाची. पण वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी मराठी नाही. कुणाकडे तेलुगू, कुणाकडे उर्दू, कुणाकडे कानडी. कानडी शाळा लांब पडते म्हणून ती पोरं आमच्याकडे येतात. निकाल खाली आला की आमच्याकडे एक वाक्य तयार असायचं — ‘साहेब, वस्तीच तशी.’ मुख्याध्यापक म्हणायचे, आम्ही म्हणायचो, वरचे साहेबही मान डोलवायचे. वड्याचं तेल वांग्यावर. शिकवायचं आम्ही, आणि दोष कुणाचा? तर पोरांच्या आईबापांच्या भाषेचा. हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा कोण म्हणायचं, सांगू? मी.

आणि मी स्वतः कोण? अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली. घरी शुद्ध कानडी. अध्यापिका व्हायला शहरात आले, तेव्हा बरोबरच्या मुली माझ्या बोलण्याचा हेल काढून हसायच्या. मी वर्षभर ओठ आवळून राहिले आणि तो हेल घासून काढला. लग्नानंतरचं आडनाव मंगळवेढ्याचं, चारचौघांसारखं. शाळेत कुणाला पत्ता नव्हता. झाकली मूठ — तिच्यात काय होतं, तर माझी आईच होती की! पण मी मूठ उघडली नाही.

मग माझ्या तिसरीच्या वर्गात महादेवी आली. आई मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची, बाप हमाल. पोरीला मराठी जेमतेम. वर्गात गप्प बसायची, काही विचारलं की पायाच्या अंगठ्याकडे बघायची. तिला काय अडतंय ते मला कळत होतं — वर्गात इतर कुणालाही कळलं नसतं इतकं नेमकं कळत होतं. दोन शब्द तिच्या भाषेत बोलले असते तर? नाही बोलले. हसणाऱ्या त्या मुली अजून माझ्या कानात होत्या. हे कारण म्हणून सांगत नाही. होत्या, एवढंच.

एकदा मधल्या सुट्टीत मी जिन्याखाली उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. ‘ऊट आतेनव्वा?’ — जेवलीस का, एवढंच विचारलं. वळून बघते तर मागे महादेवी. तिच्या तोंडावर जे हसू आलं ना — असं हसू माझ्याकडे बघून त्या शाळेत कुणाला आलं नव्हतं. मी डोळे वटारले आणि तिला वर्गात पिटाळलं. पण त्या दिवसापासून पोरगी माझ्याकडे बघायला लागली. अंगठ्याकडे नाही, माझ्याकडे.

थोड्याच दिवसांत तपासणीला साहेब आले. एकेका पोराला उभं करून विचारत होते. महादेवीला विचारलं — सत्तावीसमधून नऊ गेले, किती राहिले? ती उभी राहिली, ओठ हलले, आणि मोठ्यानं म्हणाली, ‘हदिनेंटु.’ साहेबांना कळलं नाही. पोरगी माझ्याकडे बघत होती. बाई सांगतील, म्हणून.

साहेबांनी विचारलं, “काय म्हणते ही?”

मी म्हणाले, “काही नाही साहेब, बडबडते काहीतरी. डोक्यानं जरा कमी आहे. वस्तीच तशी.”

किती सहज आलं ते तोंडून! का म्हणाले? मला कानडी येते हे उघड झालं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग बाई, इतके दिवस तुम्ही काय केलंत? त्या प्रश्नाला मी घाबरले. आठ वर्षांच्या पोरीला पुढे ढकललं आणि तिच्या मागे लपले.

दुसऱ्या दिवसापासून महादेवीला पहिलीच्या पोरांत नेऊन बसवलं. नेऊन बसवायला मीच गेले होते.

आठवड्यानं तिची आई आली. हाताला कांद्याचा वास, पदर डोक्यावर, मागे महादेवी. आई सरळ माझ्याशी कानडीतच बोलायला लागली, मोकळेपणानं, माहेरची बाई भेटल्यासारखी. पोरगी हुशार आहे, घरी सगळा हिशेब तीच करते, तिला परत तिच्या वर्गात घ्या — सगळं सगळं मला कळलं. आणि मी चेहरा कोरा ठेवून म्हणाले, “मला कानडी येत नाही. मराठीत बोला.”

ती थबकली. मागे वळली आणि पोरीच्या थोबाडीत दिली. खोटं सांगितलंस म्हणून. बाईंना आपली भाषा येते, असं पोरीनं घरी सांगितलं होतं ना.

महादेवी रडली नाही. ‘येतं की यांना’ असंही म्हणाली नाही. पुन्हा अंगठ्याकडे बघायला लागली.

मग आई मोडक्या मराठीत म्हणाली, “पोरगी खोटं बोलली बाई. लई चुकलं. माफ करा की.”

आणि मी — मी माफ केलं! “असू दे, लहान आहे,” असंही वर म्हणाले.

ती पोरगी त्यानंतर शाळेत आली नाही. आईबरोबर यार्डात जाते, असं पोरं सांगायची. वर्गाचा निकाल त्या वर्षी सुधारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आता मी मुख्याध्यापिका आहे. पोरं खिचडीला बसली की मी ताटं मोजते. बाहेर मराठीत बोलते, मनातल्या मनात मात्र मोजणी अजून कानडीतच चालते.

हदिनेंटु म्हणजे अठरा. तिचं उत्तर बरोबर होतं.