बघण्यापुरतं लॉगिन

छताच्या वर जुन्या केबली तशाच पडून राहतात. काम बंद झालं तरी त्या कोणी काढत नाही, नवी केबल त्यांच्यावरूनच ओढतात. किस्स्यांचंही तसंच. इथे परदेशात, हॅरिस पार्कला चहाला बसलो की तुम्ही एक ओढता आणि त्यात गुंतलेले दहा बाहेर येतात. आज ओढलाच आहे, तर ऐका.

विमानं भरभरून पोरं शिकायला यायची, ते दिवस. परामाटाच्या आसपास कुठल्यातरी दुकानाच्या वरच्या मजल्यावर सारखं नवं कॉलेज उघडायचं. त्यात नेटवर्कच्या केबली टाकायची कामं जयंता घ्यायचा. जयंता कॉन्ट्रॅक्टर, मी त्याच्या गँगचा मुकादम. गावी टेलिफोनच्या केबली जोडण्यात माझी हयात गेली. मुलाने इकडे आणलं, पण घरी बसून राहणं जमलं नाही. हाताखाली दोन स्टुडंट होते, नाशिकचा प्रतीक आणि कराडचा सागर. दोघं ज्या कॉलेजात शिकायचे, त्याच कॉलेजचं काम आम्हाला मिळालं. तिथलाच हा सगळा प्रकार.

*

प्रतीकला मी शंभर वेळा सांगितलं होतं, वर्गांच्या खोट्या छतावर चढलं की पाय फक्त बीमवर ठेवायचा. एका दुपारी त्याचा पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत खालच्या वर्गात उतरला. खाली तास चालू होता. तोही त्याच्याच बॅचचा. हजेरी कमी पडली की कॉलेज कळवतं आणि व्हिसा जातो, म्हणून पोरं हजेरीला फार जपायची.

मास्तर वर बघत राहिला. मग छतातून आवाज आला, "प्रेझेंट, सर."

मास्तरने हजेरी लावली.

*

मी सातवी शिकलो. मराठी नीट वाचतो. इंग्रजी अक्षरं सुटी ओळखतो, शब्द लागत नाही. सही तेवढी इंग्रजीत करतो, ती घोटून घेतली आहे. गँगमध्ये हे कोणाला माहीत नव्हतं. मुकादमाला वाचता येत नाही म्हटल्यावर पोरं ऐकतील कशाला?

कॉलेजने आम्हाला एक लॉगिन दिलं. सगळ्या केबली ज्या पेटीत येतात तिला स्विच म्हणतात. कुठली केबल चालू, कुठली बंद, हे त्या लॉगिनने लॅपटॉपवर दिसायचं. फक्त बघायचं, बदलता काही यायचं नाही. मुकादम म्हणून ते माझ्या नावावर होतं.

पहिल्या दिवशी मी खिसे चाचपले आणि म्हणालो, "चष्मा घरी राहिला. सागर, तू वाच."

दुसऱ्या दिवशीही राहिला. तिसऱ्या दिवशी सागरने काही न विचारता लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

प्रतीक हसला. "काका, चष्म्याला दोरी बांधून गळ्यात घाला की."

"तू केबल ओढ," सागर म्हणाला.

*

केबलच्या दोन्ही टोकांना लेबल हवं, हा माझा नियम. एकदा सागरने घाईत एका टोकाची लेबलं सोडली. सगळ्या केबली जिथे येऊन बसतात तो पूर्ण रॅक मी त्याच्याकडून परत करून घेतला. पोरगं मार्कर घेऊन बसलं.

काम बघायला गेलो तर प्रत्येक इंग्रजी लेबलाच्या मागे मार्करने बारीक मराठी अक्षरं: तळमजला ऑफिस, जिन्याजवळ, लायब्ररी.

"हे काय?"

"माझ्याच सोयीसाठी, काका. मला मराठीत चटकन लक्षात राहतं."

नेटवर्किंगच्या कोर्सला पहिला येणारा पोरगा हे म्हणत होता. मी म्हणालो, "बरं, राहू दे."

*

सागरच्या दोन टर्म राहिल्या होत्या. त्या संपल्या की पी.आर.चा, म्हणजे इथे कायम राहायचा अर्ज, मग आईला आणायचं, असं त्याचं ठरलेलं होतं.

एक दिवस तो माझ्या लॉगिनवर रोजचं बघत होता आणि थांबला.

"काका, ह्या पेटीच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक आहे."

"म्हणजे?"

"आपल्याला फक्त बघायची परवानगी. पण एक साधी कमांड जराशी वाकडी दिली, की ही पेटी आपल्यालाच मालक समजते. मग वाटेल ते बदला. अख्खं कॉलेज बंद पाडता येईल."

"पाहुण्याने पाणी मागितलं आणि घरच्यांनी तिजोरीची किल्ली हातात दिली?"

"अगदी तसंच."

"तू काही हलवलंस?"

"नाही. आत गेलो, तसाच बाहेर आलो. काय करू? गप्प बसू?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "लपवायचं नाही. लिहून दे त्यांना. आपलं काम स्वच्छ आहे."

त्याने त्याच दिवशी ईमेल लिहिली.

*

चौथ्या दिवशी मॅनेजरबाईने बोलावलं. मी, सागर आणि जयंता. बाई चढ्या आवाजात बोलली नाही. भोक आहे का नाही ते पेटीची कंपनी बघेल, म्हणाली. मालकाच्या हक्काने आत कोण शिरलं, एवढंच तिला हवं होतं. नोंदीत नाव माझं होतं, आणि ईमेल सागरची.

जयंताने मला मराठीत विचारलं, "काका, लॉगिन त्याला तुम्ही दिलं होतं का? तुम्हीच बसवलं असेल तर ते त्याचं काम ठरतं. न विचारता बसला असेल तर घुसखोरी."

बाईने एक कागद माझ्यासमोर सरकवला. वाचा आणि सही करा.

मी खिसे चाचपले.

सागरने माझ्या हाताकडे बघितलं. मग बाईला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, सावकाश. जयंता मान खाली घालून म्हणाला, "तो म्हणतोय, काका बाहेर गेले होते, मी त्यांना न विचारता वापरलं."

एकच वाक्य बोलायचं होतं: मला इंग्रजी वाचता येत नाही, मीच त्याला रोज बसवतो. ते माझ्या तोंडातून आलं नाही. बाईने सागरचं म्हणणं त्याच कागदावर खाली लिहिलं आणि मी सही केली, घोटलेली, झोकदार. कागदाची प्रत मिळाली, ती प्रतीकने नंतर वाचून दाखवली. सागर म्हणाला होता तेच.

त्याच आठवड्यात कॉलेजने सागरचं नाव काढलं. पाठोपाठ व्हिसा गेला.

*

तो जायच्या आधी पेटीच्या कंपनीने नवं सॉफ्टवेअर पाठवलं. सोबत सूचना होती. प्रतीकने ती वाचली आणि तो माझ्याकडे आला.

"काका, तेच भोक. सागरने लिहिलं होतं तेच, शब्दाला शब्द. तुम्ही जा ना ऑफिसात. मी गेलो तर माझंही नाव काढतील. तुम्ही सांगा तो तुमच्यासाठी बसायचा."

प्रतीक असं म्हणाला, म्हणजे त्यालाही केव्हापासून माहीत होतं.

मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. काउंटरवरच्या मुलीने हसून एक फॉर्म पुढे केला आणि पेन दिलं. मी खुर्चीत बसलो. फॉर्म बराच वेळ मांडीवर होता. मग तो तसाच कोरा काउंटरवर ठेवला आणि बाहेर आलो.

प्रतीकला सांगितलं, बाई भेटली नाही.

*

सागरला विमानतळावर पोचवायला मी एकटाच गेलो. प्रतीकला तास होता, माझा मुलगा शिफ्टला. ट्रेनने गेलो. बॅगा सागरनेच उचलल्या, गाडी कुठे बदलायची तेही तोच बघत होता. त्या बाजूला मी आधी मुलाच्या गाडीतूनच गेलो होतो.

आत जायच्या रांगेजवळ तो थांबला. मी बोलायचं ठरवून आलो होतो. म्हणालो, "सागर, त्या दिवशी मी…"

"काका, रॅकची शेवटची ओळ राहिलीय. प्रतीककडून दोन्ही टोकांना लेबलं लावून घ्या. तो कंटाळा करतो."

मग तो वाकून पाया पडला. उठताना खिशातून केबलला लावतो ती पांढरी टेप काढली आणि एक तुकडा माझ्या तिकिटाच्या मागे चिकटवला. त्यावर मार्करने मराठीत बारीक लिहिलेलं होतं: सेंट्रलला उतरा. परामाटाकडची गाडी. हॅरिस पार्कला थांबते का, विचारून घ्या.

"चष्मा घरी राहिला असेल तुमचा," तो म्हणाला, "म्हणून लिहून ठेवलंय."

चष्मा माझ्या नाकावर होता.