मामांची चिठ्ठी आणि पाच शिक्के

इंग्रजी भाषा जगात आली ती व्यापारासाठी नाही की राज्य करण्यासाठी नाही, माझ्या बायकोच्या मामांचा वेळ जावा म्हणून आली, असं माझं ठाम मत आहे. मामा पुण्याच्या टपाल खात्यातून निवृत्त झालेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले, आणि खिशात कायम पेन्सिलीचं एक थोटूक बाळगणारे. त्यांचा खेळ साधा. चार अक्षरं घ्यायची आणि ती चारही ज्यात आहेत असे इंग्रजी शब्द शोधायचे. क्रम कुठलाही चालेल, मधे आणखी कितीही अक्षरं आली तरी चालतील, पण चारातलं एकही गळता कामा नये. आमच्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी मला असाच एक प्रश्न घातला होता. मी तोंडात जिलबी असल्याचं निमित्त केलं, आणि त्यांचं माझ्याबद्दलचं मत तिथेच ठरलं.

ते मामा नव्वद दिवसांच्या व्हिसावर आमच्याकडे जपानात, इचिकावाला आले. पहिल्याच दिवशी स्टेशनपर्यंत फिरून आले आणि म्हणाले, "जावईबापू, सगळ्या गावात मला वाचता येतील अशी अक्षरं मोजकीच आहेत. ती काही मी सोडणार नाही." मग पार्किंगच्या पाटीवरचा पी, कुणाच्या तरी टी-शर्टवरचा आर, औषधांच्या दुकानावरचा एस आणि समोरच्या इमारतीच्या नावातला एन असा ऐवज घेऊन ते एका सकाळी परतले. मी आठ वर्षं जपानात सॉफ्टवेअर लिहितो, इंग्रजीत मीटिंगा घेतो. मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "सरप्राइज!" मामांनी चष्म्यावरून बघितलं. "त्यात एन कुठाय?" मी ऑफिसला उशीर होतोय म्हणून निघालो. त्या दिवशी शनिवार होता.

आमच्या गल्लीत सूचनांची एक फिरती पाटी असते. काइरानबान म्हणतात तिला. कचऱ्याचे बदललेले वार, भूकंपाची कवायत, असले कागद तिच्या चिमट्यात असतात. आपण वाचायचे, शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दारात नेऊन ठेवायची. ती पोचवण्याचं काम मामांनी आपण होऊन अंगावर घेतलं आणि मला न सांगता चिमट्यात इंग्रजीतली एक चिठ्ठी अडकवली. 'पी, आर, एस, एन. शब्द सुचवा.' आता पाटीवरचा कागद स्वतःच्या अधिकारात काढून टाकण्याची हिंमत या देशात कुणाची नाही. चिठ्ठी निमूटपणे घरोघर फिरली आणि पुढच्या खेपेला पाच घरांचे पाच लाल शिक्के घेऊन परत आली. शिवाय कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींनी, त्या म्हणे एके काळी शाळेत इंग्रजी शिकवायच्या, खाली मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'पार्सनिप'. मामांनी ही भाजी जन्मात पाहिली नव्हती. तरी दिवसभर ते घरात "पार्सनिप! काय बाई आहे!" म्हणत फिरत होते. पुढच्या खेपांना बाकीची घरंही शब्द लिहायला लागली. नवव्या आठवड्यापर्यंत मामांना जपानीतला एक शब्द येत नव्हता, आणि गल्लीत माझ्यापेक्षा जास्त लोक त्यांना ओळखत होते.

घोळ केला तो मी. गल्लीच्या मंडळाचे प्रमुख एकदा मला म्हणाले, "तुमच्याकडचे ज्येष्ठ फारच उत्साही आहेत हो!" दुसरा कुणी असता तर 'धन्यवाद' म्हणून घरी गेला असता. पण मी जपानी शिष्टाचारावरची तीन पुस्तकं वाचलेला माणूस. इथे तक्रार कौतुकाच्या रूपात करतात हे मला पाठ होतं. त्याच संध्याकाळी मिठाईची पाच खोकी घेऊन मी पाचही घरी गेलो आणि कमरेत वाकून माफी मागितली. त्या लोकांनी माझ्याहून खाली वाकून माफी मागितली. मोहीम फत्ते झाली असं समजून मी घरी येऊन चहा प्यालो.

पुढच्या खेपेला चिठ्ठी पाकिटात घडी घालून परत आली. खाली एकही शब्द नाही. मामांनी ती उलटीसुलटी करून बघितली. "माझं काही चुकलं का हो? काही वावगं लिहिलं गेलं का?" मी म्हणालो, "कामात असतील." त्यांनी फिरायला जाणं बंद केलं. तिकीट अलीकडचं मिळेल का, असं बायकोला विचारलं. आणि त्याच आठवड्यात कचऱ्याच्या पिशव्या ठेवायच्या जागी कोपऱ्यावरच्या आजी मला भेटल्या. "मामासान बरे आहेत ना? आमच्या शब्दांचा तुम्हा घरच्यांना इतका त्रास होत असेल, हे आमच्या लक्षातच आलं नाही." मी तिथेच सगळं सांगायला हवं होतं. घरी जाऊन मामांनाही सांगायला हवं होतं. पण आपण मूर्ख ठरलो हे दोन भाषांत कबूल करायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी आठ दिवस गप्प बसलो.

शेवटी मामांना सोडायला गेलो तेव्हा विमानतळावर, सामान आत गेल्यावर, एका दमात सांगून टाकलं. मामांनी विचारलं, "म्हणजे त्या रागावल्या नव्हत्या?"

"नाही मामा. कुणीच नाही. मीच..."

"अहो, मग आधी सांगायला काय झालं होतं? मी आठ दिवस उगाच मनाला लावून बसलो."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला मान वर करवेना. तपासणीच्या रांगेत उभ्या उभ्या त्यांनी एका कागदावर नवी चार अक्षरं लिहिली आणि म्हणाले, "त्या बाईंना द्या. मिठाई नको."

कागद मी दिला. आजींनी सात शब्द शोधले. मी फोनवर वाचून दाखवले, तेव्हा मामांनी प्रत्येक शब्दाला "वा!" म्हटलं. मग म्हणाले की गुडघे आता लांबच्या प्रवासाला नाही म्हणतात. आजी अजून मला विचारतात, मामासान पुन्हा कधी येणार? मी म्हणतो, लवकरच. त्या आनंदाने मान हलवतात, आणि मी नको इतका खाली वाकतो.